सनी टेरी

जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात माउथ ऑर्गन पाहिला नाही असे मूल विरळाच. वीतभरही लांबी नसलेली ती चकचकीत पेटी ओठांना लावून फुंकर घातली की तिच्यातून काही ना काही सूर निघतोच. म्हणून पहिल्या दिवशी हे वाद्य अगदी सोपे वाटते. दुसऱ्या दिवशी एखादे ओळखीचे गाणे वाजवू जावे, तर हवा तो सूर सापडत नाही आणि नको ते चार सूर एकदम बोलू लागतात. आठवडा लोटतो न लोटतो तोच ती पेटी कोनाड्यात जाऊन पडते. पुष्कळांच्या हाती आलेल्या माउथ ऑर्गनची कथा इथेच संपते. परंतु याच खेळण्यासारख्या वाद्याच्या आधाराने एका अंध तरुणाने आपले आयुष्य उभे केले आणि खेड्यातील अंगणापासून जगातील एका श्रेष्ठ संगीतमंदिरापर्यंतची वाट चालून दाखविली. त्याचे नाव सनी टेरी.

सनी टेरी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९११ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्यात, ग्रीन्सबरो येथे झाला. त्यांचे खरे नाव सॉन्डर्स टेरेल. आपल्याकडे घरातल्या मुलाला जसे लाडाने बाळ म्हणतात, तसे तिकडे सनी म्हणतात. तेच नाव त्यांना जन्मभर चिकटले. त्यांचे घराणे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली नष्ट झाली होती. तथापि दक्षिणेकडील राज्यांत त्यांची स्थिती फारशी पालटली नव्हती. त्यांच्या मुलांसाठी शाळा वेगळ्या, आगगाडीत बसण्याची जागाही वेगळी. शेतातील कष्ट मात्र उदंड होते. त्या कष्टांचा भार हलका करण्यासाठी ते लोक काम करता करता गात आणि सुटीच्या दिवशी एकत्र जमून नाचत. त्यांच्या सुखदुःखांतूनच ब्लूज या नावाने ओळखले जाणारे गीत जन्माला आले.

सनीचे वडील शेतकरी होते, आणि माउथ ऑर्गन वाजविण्यातही ते कुशल होते. गावच्या नाचाच्या व मेजवानीच्या प्रसंगी त्यांना वाजविण्यासाठी बोलावणे येई. पियानोसारखी मोठी वाद्ये विकत घेणे गरिबांना कोठून परवडणार? माउथ ऑर्गन मात्र थोड्या पैशांत मिळे आणि कामावर जाताना खिशात घालून नेता येई. जर्मनीत तयार होणारी ही वाद्ये लक्षावधींच्या संख्येने अमेरिकेत येत आणि खेडोपाडी विकली जात. अशा एका वाद्यावर सनीने आपल्या वडिलांकडून पहिले धडे घेतले. घरात स्वरलिपीचे पुस्तक नव्हते आणि नेमून दिलेली शिकवणीची वेळही नव्हती. वडिलांनी वाजवावे आणि मुलाने ऐकून तसे वाजविण्याची खटपट करावी, हीच त्यांची पाठशाळा.

ही खटपट किती अवघड असते, हे कळण्यासाठी या वाद्याची रचना पाहिली पाहिजे. आपली बाजाची पेटी आणि माउथ ऑर्गन ही एकाच कुळातली भावंडे आहेत. दोहोंमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि वाऱ्याच्या झोताने त्या थरथरल्या म्हणजे सूर निघतो. पेटीला वारा पुरविण्यासाठी भाता असतो. माउथ ऑर्गनमध्ये वाजविणाऱ्याची छाती हाच भाता. साध्या माउथ ऑर्गनला एका ओळीत १० छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात दोन पट्ट्या बसविलेल्या असतात. एक पट्टी श्वास बाहेर सोडला असता बोलते आणि दुसरी श्वास आत ओढला असता बोलते. मधल्या सप्तकासाठी चौथ्या छिद्रात फुंकले की सा आणि ओढले की रे. पाचव्यात फुंकून ग आणि ओढून म. सहाव्यात फुंकून प आणि ओढून ध. सातव्या छिद्रापाशी मात्र हा क्रम उलटतो. तेथे आधी ओढून नि घ्यावा लागतो आणि मग फुंकून वरचा सा मिळतो. म्हणजे बोटांचे काम येथे श्वासाने करायचे असते.

नवशिक्याची पहिली अडचण अशी, की ओठ एका छिद्रावर ठेवू म्हटले तरी शेजारची छिद्रे झाकली जात नाहीत आणि दोन-तीन सूर एकत्र वाजतात. ओठांचा चंबू नेमका किती लहान करावा, हे सांगून समजत नाही. ते करून करूनच साधते. दुसरी अडचण श्वासाची. नवखा मुलगा जोराने फुंकतो आणि थोड्याच वेळात त्याला दम लागतो. फुंकलेल्या वाऱ्याइतकाच वारा पुन्हा आत घेण्याची युक्ती साधली म्हणजे वादन आणि श्वासोच्छ्वास ही एकच क्रिया होऊन जाते. तिसरी अडचण डोळ्यांची. हे वाद्य वाजत असताना वाजविणाऱ्याला ते दिसतच नाही. पेटीवर बोट चुकले तर डोळे ते पाहतात. येथे चूक झाली, हे फक्त कानाला कळते. या अखेरच्या गोष्टीचा सनीच्या आयुष्यात पुढे केवढा अर्थ होणार होता, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

लहानपणी वाद्य हाती धरताना सनीने ते उलटे धरले. सर्वसाधारणपणे खर्जाचे सूर डाव्या हाताला येतात. सनीच्या हातात ते उजव्या बाजूला येत. ही सवय त्यांनी पुढे कधीच बदलली नाही. जगभर कीर्ती झाल्यावरही ते आपले वाद्य तसेच उलटे धरीत. पुस्तकी नियमाप्रमाणे ही चूक खरी. परंतु तिने त्यांच्या सुरांत कधी बाधा आणली नाही.

सनीला शिकविणारे वडिलांखेरीज आणखीही कोणी होते. दक्षिणेकडील खेड्यांतून आगगाड्या धडधडत जात. शिकारीच्या रात्री कोल्ह्याच्या मागे सुटलेल्या कुत्र्यांचे भुंकणे रानातून घुमत येई. माउथ ऑर्गन वाजविणाऱ्या त्या भागातील लोकांत या दोन आवाजांची नक्कल करण्याची जुनी चाल होती. तो जणू त्यांचा परीक्षेचाच पाठ. आगगाडी वाजवायची म्हणजे आधी दोन छोटे श्वास आत ओढायचे आणि मग दोन बाहेर सोडायचे. ही लय प्रथम संथ ठेवायची. स्थानक सोडून गाडी जसजशी दूर जाईल तसतशी लय वाढवायची. दोन्ही तळव्यांची ओंजळ वाद्यापुढे धरून ती उघडली व मिटली की शिटीचा आवाज जवळ येतो आणि दूर जातो. कोल्ह्याच्या शिकारीत तर कुत्र्यांचे भुंकणे, शिकाऱ्यांच्या आरोळ्या आणि धावपळ हे सारे त्या १० छिद्रांतून उभे करायचे. नक्कल करता करता श्वासावर ताबा येतो, लय अंगी मुरते आणि कान तीक्ष्ण होतो. सनी हे सर्व खेळाच्या आनंदात शिकत होता.

अशा या आनंदी बालपणावर आघात झाला. काही वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन निरनिराळ्या अपघातांत सनीच्या एकामागून एक दोन्ही डोळ्यांना इजा झाली आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी बहुतेक सर्व नाहीशी झाली. शेतकऱ्याच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे हाताशी आलेला आधार. नांगर धरण्याच्या वयात हा मुलगा चाचपडत चालू लागला. शेतीचे काम आता त्याला करता येण्याजोगे राहिले नाही. त्या काळी अशा गरीब, कृष्णवर्णीय आणि अंध तरुणाला दोनच मार्ग दिसत. एक, कुटुंबावर भार होऊन राहणे. आणि दुसरा, रस्त्यावर हात पसरणे.

सनीने तिसरा मार्ग धरला. बालपणीचा खेळ हाच त्याने आता आपला उद्योग केला. खेळ म्हणून वाजविणे वेगळे आणि ज्यावर पोट अवलंबून आहे असे वाजविणे वेगळे. खेळात एखादा सूर चुकला तर हसून सोडून देता येतो. रस्त्याने जाणारा माणूस मात्र चुकलेल्या सुरासाठी थांबत नाही. अंगी असलेली विद्या आता अधिक पक्की करणे भाग होते. या वाद्याला डोळ्यांची गरज नव्हती, ही एवढीच गोष्ट दैवाने त्याच्या बाजूला ठेवली होती.

सनीने ज्या वादनपद्धतीत असामान्य प्रभुत्व मिळविले, ती त्या भागातील कृष्णवर्णीय वादकांची खास पद्धत होय. कारखानदारांनी माउथ ऑर्गन बनविला तो पाश्चात्त्य देशांतील सरळ चालींसाठी. त्यात फुंकलेल्या सुरांवर भर असे. या वादकांनी वाद्याचा ठरलेला सा बाजूला ठेवला आणि दुसऱ्या छिद्रात श्वास ओढला असता निघणाऱ्या पंचमालाच आपला सा मानले. त्यामुळे भर पडला तो ओढलेल्या सुरांवर. ओढलेल्या सुरांत एक विशेष गुण आहे. जीभ व घसा यांचा आकार बदलून श्वास ओढला तर त्यांतील कित्येक सूर आपल्या जागेवरून हळूच खाली घसरतात. आपल्या गायनातील मिंडेची आठवण व्हावी असे हे सुरांचे वळण असते. बनविणाऱ्याने जे सूर वाद्यात घातलेच नव्हते, ते अशा रीतीने त्यातून निघू लागले, आणि खेळण्यासारखी ती पेटी माणसासारखी कण्हू, रडू आणि हसू लागली. सनी याच्याही पुढे गेले. वाजविताना मध्येच क्षणभर ओठ दूर करून ते उंच स्वरात हाळी देत आणि तोच सूर पुन्हा वाद्याने उचलीत. आवाज कोठे संपला आणि वाद्य कोठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला उमगत नसे.

आपली कला घेऊन ते नॉर्थ कॅरोलिना राज्यातील गावोगावी फिरू लागले. शेल्बी या गावी ते रस्त्यांवर वाजवीत. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची गाठ ब्लाइंड बॉय फुलर या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायकाशी पडली. फुलर हेही अंध होते आणि गिटार वाजवीत. डरहॅम हे त्या राज्यातील तंबाखूच्या व्यापाराचे मोठे शहर. हंगामात शेतकरी आपला माल घेऊन तेथे येत. सिगारेटच्या कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगारही मोठ्या संख्येने असत. माल विकून हाती पैसा आला किंवा पगाराचा दिवस उजाडला म्हणजे रस्त्यावरील वादकांपुढे गर्दी जमे. तेथे हे दोघे अंध मित्र आपल्या संगीताने लोकांना थांबवीत. कधी बुल सिटी रेड नावाचा डोळस सोबती त्यांच्याबरोबर असे. कपडे धुण्याच्या खरबरीत फळीवर तो ताल धरी. १९३७ साली फुलर यांच्यासोबत सनी टेरी यांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या.

पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग आला. न्यूयॉर्क शहरात कार्नेगी हॉल नावाचे संगीतमंदिर आहे. १८९१ साली त्याच्या उद्घाटनाच्या वेळी चायकोव्हस्की या थोर रशियन संगीतकाराने तेथे आपल्या रचना सादर केल्या होत्या. तेव्हापासून त्या व्यासपीठावर वाजविण्याची संधी मिळणे हा संगीतकाराचा मोठा गौरव समजला जाई. जॉन हॅमंड या संगीतप्रेमी गृहस्थांनी तेथे कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक मोठा जलसा करण्याचे ठरविले. मळ्यात आणि रस्त्यावर वाढलेले संगीत त्यांना त्या भव्य सभागृहात ऐकवायचे होते. फुलर यांना निमंत्रण देण्यासाठी ते डरहॅमला गेले. परंतु फुलर यांना येणे शक्य नव्हते. तेथे त्यांनी सनी टेरी यांचा माउथ ऑर्गन ऐकला आणि त्यांनाच न्यूयॉर्कला नेण्याचे ठरविले.

२३ डिसेंबर १९३८ रोजी तो जलसा झाला. सभागृह श्रोत्यांनी भरून गेले होते. त्या प्रशस्त व्यासपीठावर आलेल्या त्या अंध वादकाच्या हाती वीतभरही लांबीचे नसलेले वाद्य होते. त्यांना ना सभागृह दिसत होते, ना श्रोत्यांचे चेहरे. त्यांनी ओंजळीत वाद्य धरले, श्वास ओढला आणि आपल्या गावाकडचे संगीत सुरू केले. त्यांच्या हाळीने आणि सुरांच्या वळणांनी न्यूयॉर्कचे श्रोते चकित झाले. अशा वाद्यातून असे संगीत निघू शकते, हे त्यांनी पूर्वी कधी ऐकले नव्हते. लोकसंगीताचे संशोधक ॲलन लोमॅक्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवले. हा सोहळा आटोपल्यावर सनी टेरी पुन्हा डरहॅमला परतले आणि पूर्वीप्रमाणेच रस्त्यावर वाजवू लागले. एका रात्रीच्या टाळ्यांनी पोट भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१९४१ साली फुलर मरण पावले. त्यानंतर सनी टेरी यांना ब्राउनी मॅघी यांची साथ लाभली. मॅघी हे गायक आणि गिटारवादक होते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा एक पाय अधू झाला होता. आपल्याकडे अंधपंगुन्याय सांगतात. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावे, पांगळ्याने वाट दाखवावी आणि दोघांनी मिळून प्रवास पुरा करावा. या दोघांच्या जीवनात तो न्याय अक्षरशः खरा ठरला. दोघे न्यूयॉर्कला आले. आरंभी तेथेही त्यांना रस्त्यांवर वाजवून दिवस काढावे लागले. हळूहळू त्यांचे नाव झाले. १९४७ साली फिनिअन्स रेनबो या संगीत नाटकात सनी टेरी यांना भूमिका मिळाली. १९५८ साली हे दोघे इंग्लंडला गेले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी देशोदेशी कार्यक्रम केले. ज्या संगीताला त्यांच्याच देशातील पुष्कळ लोक एके काळी हलके समजत, ते ऐकण्यासाठी परदेशांतील तरुण गर्दी करू लागले.

सुमारे ३० वर्षांहून अधिक काळ ही जोडी एकत्र गात-वाजवीत राहिली. उतारवयात मात्र दोघांत वितुष्ट आले. एकाच व्यासपीठावर बसावे, पण एकमेकांशी बोलू नये, अशी वेळ आली आणि अखेर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तथापि एकत्र असताना त्यांनी निर्माण केलेले संगीत ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने मागे राहिले. ते ऐकताना एकाने सोडलेला सूर दुसरा किती सहज उचलतो, याचे आजही नवल वाटते.

सनी टेरी यांनी आपली विद्या स्वतःजवळ झाकून ठेवली नाही. १९७५ साली त्यांच्या वादनपद्धतीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांनी स्वतः पुस्तकाशिवाय, केवळ वडिलांचे ऐकून वाद्य हस्तगत केले, त्यांच्याकडून आता दूरदूरचे नवशिके पुस्तकाच्या द्वारे धडे घेऊ लागले. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने पारंपरिक कलावंतांसाठी एक सन्मान सुरू केला. त्याच पहिल्या वर्षी हा मान सनी टेरी आणि ब्राउनी मॅघी या दोघांनाही मिळाला. ११ मार्च १९८६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मिनिओला येथे सनी टेरी यांचे देहावसान झाले.

सनी टेरी यांना दृष्टी परत मिळाली नाही आणि त्यांचे वाद्यही फारसे मोठे किंवा किमती झाले नाही. अखेरपर्यंत ते १० छिद्रांचा साधा माउथ ऑर्गनच वाजवीत राहिले, आणि तोही उलटा धरून. बदलला तो केवळ त्यातून निघणारा सूर. आणि तो बदलण्यासाठी त्यांनी प्रत्येक श्वासाकडे लक्ष दिले. श्वास सर्वांनाच मिळालेला आहे. तो आत घेताना आणि बाहेर सोडताना एकेक सूर शुद्ध करीत राहण्याची चिकाटी त्यांच्या अंगी होती. म्हणूनच जे वाद्य इतरांच्या घरी कोनाड्यात धूळ खात पडते, ते त्यांच्या हाती एका साऱ्या समाजाचे सुखदुःख बोलू लागले.